खंड पडतो की पाडला जातो?
एच.आय.व्ही.-उपचारांतील खंडाच्या संगणकीय प्रतिमानांची समीक्षा

एच.आय.व्ही.च्या बाधेवर आज जी औषधे उपलब्ध आहेत ती बाधेचे निर्मूलन करीत नाहीत. ती विषाणूची वाढ रोखून धरतात. म्हणून ती आयुष्यभर घ्यावी लागतात, आणि ती थांबली तर काय होते हा प्रश्न ह्या उपचारपद्धतीला तिच्या आरंभापासून चिकटलेला आहे. माणसांवर प्रयोग करून त्याचे उत्तर मिळविणे नेहमी शक्य नसते, आणि पुष्कळदा ते इष्टही नसते. साहजिकच गेल्या तीस वर्षांत हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर गणिताच्या आणि संगणकाच्या स्वाधीन झाला. त्यातून जे विपुल वाङ्मय निर्माण झाले त्याच्या केंद्रस्थानी 'इंटरप्शन' हा एक इंग्रजी शब्द आहे. मराठीत त्याला आपण 'खंड' म्हणतो. प्रस्तुत लेखात ह्या वाङ्मयाची समीक्षा करावयाची आहे ती ह्या एका शब्दाच्या अंगाने.

समीकरणाची उकल बरोबर आहे की नाही हे ठरविणे भाषाभ्यासकाचे काम नव्हे. परंतु समीकरण मांडण्यापूर्वी ज्या घटनेचे समीकरण मांडावयाचे तिला नाव द्यावे लागते, आणि नाव देताना घटनेचे काही घटक घेतले जातात, काही वगळले जातात. हे काम भाषेचे आहे व त्याची तपासणी भाषेच्या शास्त्राने करणे अस्थानी ठरू नये. ह्या तपासणीतून माझ्यापुढे आलेला निष्कर्ष प्रारंभीच सांगतो. 'खंड' ह्या नामात कर्ता गाळला गेला आहे. आणि कर्ता गाळला गेल्याने केवळ वाक्यरचना बदलत नाही, काही ठिकाणी गणितही बदलते.

१

प्रथम ह्या प्रतिमानांची घडण थोडक्यात पाहू. शरीरांतर्गत प्रतिमानाचे मूळ रूप अगदी साधे आहे. त्यात तीन राशी असतात: बाधा होऊ शकेल अशा पेशी, बाधित पेशी आणि मुक्त विषाणू. पेशी ठरावीक गतीने जन्मतात व मरतात. विषाणू त्यांना बाधित करतो. बाधित पेशी नवे विषाणू बाहेर टाकून मरतात. मुक्त विषाणूंचा निचरा होत राहतो. औषध ह्या व्यवस्थेत शून्य आणि एक ह्यांच्या दरम्यानच्या एका संख्येच्या रूपाने प्रवेश करते. ही संख्या म्हणजे औषधाची परिणामकारकता. ती एक असेल तर नवी बाधा पूर्णपणे थांबते, शून्य असेल तर औषध नसल्यासारखेच. उपचारांतील खंड म्हणजे ह्या प्रतिमानात एवढेच, की एका क्षणी ही संख्या शून्य होते व दुसऱ्या एका क्षणी ती पूर्वपदावर येते.

ह्या साधेपणाने केवढे काम केले हे मान्य केलेच पाहिजे. १९९५ साली हो आणि वेई ह्यांच्या गटांनी, व १९९६ साली पेरेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, औषध सुरू होताच रक्तातील विषाणूंची संख्या ज्या वेगाने घसरते त्या वेगावरून विषाणूच्या जीवनक्रमाचे मोजमाप केले. लक्षणरहित अवस्थेत बाधा निद्रिस्त असते ही तोवरची समजूत त्यामुळे मोडली. शरीरात प्रतिदिनी सुमारे १,००० कोटी विषाणू निर्माण होतात व जवळजवळ तेवढेच नष्ट होतात, बाधित पेशीचे अर्धायुष्य दीड-पावणेदोन दिवसांचे असते, हे त्या गणिताने दाखविले. एवढ्या प्रचंड उलाढालीत एकाच औषधाला दाद न देणारे विषाणू निर्माण होणे अटळ ठरते. म्हणून अनेक औषधे एकाच वेळी दिली पाहिजेत, ह्या धोरणाला त्यातून भक्कम आधार मिळाला.

दुसरा वर्ग लोकसंख्येच्या प्रतिमानांचा. त्यांत माणसे कप्प्यांत विभागलेली असतात: बाधा नसलेली, बाधा असून निदान न झालेली, निदान झालेली, उपचार घेणारी, उपचार सोडून गेलेली. एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जाण्याचा प्रत्येकी एक दर ठरविलेला असतो. येथे खंड म्हणजे 'उपचार घेणारी' ह्या कप्प्यातून बाहेर पडणारा प्रवाह होय. काही प्रतिमाने कप्प्यांऐवजी एकेका कल्पित व्यक्तीचा जीवनक्रम संगणकावर चालवितात. तेथे तो प्रवाह त्या व्यक्तीच्या वाट्याला येणाऱ्या संभाव्यतेचे रूप घेतो.

दोन्ही वर्गांत एक गोष्ट समान आहे. संख्या शून्य होते, प्रवाह वाहतो. ती कोणी शून्य केली, प्रवाह कोणी सोडला, ह्या प्रश्नाला समीकरणात जागा नाही.

२

मराठीच्या अभ्यासकाला ही रचना ओळखीची वाटेल. आपल्या भाषेत 'खंड' हे नाम एकटे क्वचितच वावरते. त्याला क्रियापदाची सोबत लागते, आणि क्रियापद येताच निवड करावी लागते. खंड पडला, की पाडला? तीच गोष्ट गोळ्यांविषयीच्या रोजच्या बोलण्याची. गोळी चुकली, गोळी चुकविली; गोळ्या सुटल्या, गोळ्या सोडल्या; पुरवठा तुटला, पुरवठा तोडला. पडणे-पाडणे, सुटणे-सोडणे, तुटणे-तोडणे ह्या जोड्यांत पहिले रूप अकर्मक, दुसरे सकर्मक. पहिल्यात घटना आपोआप घडल्यासारखी सांगितली जाते, दुसऱ्यात ती घडविणारा उभा राहतो. ह्याही पलीकडे प्रयोजक रूप आहे: त्याने गोळ्या सोडल्या असे नव्हे, त्याला त्या सोडावयास लावल्या. एकाच रिकाम्या डबीचे वर्णन ह्या तीन वाक्यांनी करता येते आणि तिन्ही वाक्यांत दोष वेगवेगळ्या ठिकाणी जातो.

मराठी व्याकरणकार 'उजाडणे', 'सांजावणे', 'मळमळणे' ह्यांसारख्या क्रियापदांना भावकर्तृक म्हणतात. त्यांना निराळा कर्ता नसतो, क्रियेचा भाव हाच कर्ता. प्रतिमानांतील खंड हा असा भावकर्तृक आहे. उजाडते तसा तो पडतो. पहाटेच्या बाबतीत हे ठीक आहे. उपचारांच्या बाबतीत ते ठीक आहे काय, हे पाहण्यासाठी ह्या एका शब्दाखाली कोणकोणत्या घटना एकत्र आल्या आहेत ते पाहिले पाहिजे. माझ्या मते त्या चार आहेत.

पहिला खंड चुकलेल्या मात्रांचा. रोजची गोळी एखाद्या दिवशी घेतली जात नाही. ह्याविषयीचे उत्तम प्रतिमान रोझेनब्लूम आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केले. प्रत्येक औषध रक्तातून किती वेगाने ओसरते व त्याच्या मात्रेनुसार परिणाम किती तीव्रतेने बदलतो, ह्या दोन गोष्टी एकत्र आणून त्यांनी एक जुने कोडे सोडविले. प्रोटीएझ-रोधक औषधे घेणाऱ्यांमध्ये उपचार अयशस्वी झाले तरी त्या औषधांना प्रतिकार करणारा विषाणू बहुधा का सापडत नाही? उत्तर असे, की ही औषधे झपाट्याने ओसरतात. मात्रा चुकली की मूळचाच विषाणू वाढतो, प्रतिकारक विषाणूला निराळा फायदा मिळावा अशी मधली अवस्था फार वेळ टिकत नाही. उलट, एफाव्हिरेन्झसारखे औषध शरीरात दीर्घकाळ रेंगाळते. बरोबरची औषधे संपल्यावर ते एकटेच अपुऱ्या प्रमाणात उरते, आणि प्रतिकारक विषाणूला नेमकी अशीच अवस्था हवी असते. ही विवेचना ह्या वाङ्मयातील पहिल्या प्रतीची आहे.

दुसरा खंड वैद्याने योजलेला. १९९९ साली बर्लिनमधील एका रुग्णाचे वृत्त प्रसिद्ध झाले. बाधेनंतर लवकरच उपचार सुरू होऊन मध्ये खंड पडलेल्या ह्या रुग्णाच्या शरीरात, उपचार अखेर थांबविल्यावरही विषाणू आटोक्यात राहिला होता. त्यातून कल्पना निघाली, की अधूनमधून औषध थांबविल्यास शरीराची प्रतिकारव्यवस्था विषाणूशी लढावयास शिकेल. वोडार्झ व नोवाक ह्यांनी त्याच वर्षी ह्या कल्पनेला गणिती रूप दिले. बॉनहोफर आणि सहकाऱ्यांनी २००० साली अशा खंडांचे लाभ व धोके दोन्ही तपासले. २००४ साली ॲडम्स, बँक्स आणि सहकाऱ्यांनी नियंत्रण-सिद्धांताच्या आधारे असे वेळापत्रक काढले, की औषधे चालू-बंद करीत रुग्णाला उच्च विषाणूसंख्येच्या स्थिर अवस्थेतून नीच विषाणूसंख्येच्या स्थिर अवस्थेत नेता येईल.

तिसरा खंड मापनासाठी. उपचार चालू असतानाही विषाणू काही दीर्घायुषी पेशींत सुप्त राहतो. १९९७ साली हा सुप्त साठा दृष्टोत्पत्तीस आला. १९९९ साली त्याचे अर्धायुष्य सुमारे ४४ महिने असल्याचा व तो आपोआप संपावयास ६० वर्षांहून अधिक काळ लागण्याचा अंदाज वर्तविला गेला. साठा कमी करणारा एखादा उपाय कितपत साधला हे कळण्याचा निर्णायक मार्ग एकच: औषध थांबवावे आणि विषाणू परत केव्हा उसळतो ते पाहावे. हिल आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या प्रतिमानानुसार बहुसंख्य रुग्णांना वर्षभर औषधाविना राहता यावयाचे तर साठा सुमारे २,००० पटींनी घटविला पाहिजे. शिवाय कित्येक वर्षांच्या शांततेनंतरही विषाणू एकाएकी उसळू शकेल.

चौथा खंड पुरवठ्याचा. औषध दवाखान्यात पोचतच नाही, दवाखाना बंद राहतो, अथवा ज्या निधीवर तो चालतो तो निधी थांबतो.

एकीत विसर पडतो किंवा सवड मिळत नाही. दुसरीत वैद्य ठरवितो. तिसरीत संशोधक ठरवितो व रुग्ण संमती देतो. चौथीत दूरच्या राजधानीत एखादा कागद निघतो. चारही घटना समीकरणात एकाच चिन्हाने लिहिल्या जातात.

३

ह्यावर प्रतिमानकर्त्याचा आक्षेप काय असेल ते उघड आहे, आणि तो दुर्बळ नाही. तो म्हणेल, दगड कोणी सोडला हे गुरुत्वाकर्षण विचारीत नाही. औषध का थांबले ह्याच्याशी विषाणूला कर्तव्य नाही. रक्तातील औषधाचे प्रमाण घटले की तो वाढतो. तेव्हा कर्त्याचा प्रश्न नीतीचा किंवा राजकारणाचा असेल, शास्त्राचा नव्हे.

एका शरीरापुरता, आणि औषध केव्हा व किती काळ थांबले हे माहीत असेल तेव्हा, हा आक्षेप मला मान्य आहे. परंतु प्रतिमानाला ते क्वचितच माहीत असते. ते त्याला गृहीत धरावे लागते, आणि त्या गृहीतात कर्ता मागील दाराने प्रवेश करतो. ह्याचे तीन पुरावे देता येतात.

पहिला पुरावा खंडांच्या वाटणीचा. मात्रा चुकण्याचे सर्वांत सोपे प्रतिमान नाणेफेकीचे असते: प्रत्येक दिवशी गोळी घेतली जाण्याची संभाव्यता अमुक, आणि आजच्या दिवसाचा उद्याशी संबंध नाही. विसराळूपणाला हे चित्र बऱ्यापैकी लागू पडते. पुरवठ्याला ते मुळीच लागू पडत नाही. समजा, दोन गावांत शंभर-शंभर माणसे औषध घेत आहेत आणि दोन्हीकडे वर्षाचे ३६ दिवस गोळी घेतली गेली नाही. पहिल्या गावात हे दिवस प्रत्येकाचे निरनिराळे व विखुरलेले. दुसऱ्या गावात ते सलग व सर्वांचे एकाच वेळी, कारण केंद्रावर माल आला नाही. सरासरी दोन्हीकडे ९० टक्के. पहिल्या गावात विषाणू बहुतेकांच्या बाबतीत दबलेलाच राहील. दुसऱ्या गावात तो बहुतेकांच्या रक्तात परत येईल, कारण औषध पूर्णपणे थांबल्यावर विषाणू सामान्यतः दोन ते चार आठवड्यांत उसळतो. आणि तो सर्वांच्या रक्तात एकाच सुमारास उसळल्यामुळे इतरांना बाधा पोचण्याचा धोकाही एकदमच वाढेल. दोन गावांत फरक कर्त्याचा आहे, आणि तो थेट गणितात उतरला आहे. संख्याशास्त्राच्या भाषेत, कर्ता बदलला की घटनांचे परस्परावलंबन बदलते.

हे केवळ काल्पनिक नाही. युगांडातील कंपाला येथे पदरच्या पैशाने संयुक्त गोळी विकत घेणाऱ्या रुग्णांचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी औषधसेवन चांगले होते; तरीही अनेकांच्या उपचारांत ४८ तासांहून दीर्घ खंड पडले होते, आणि विषाणूतील औषधप्रतिकार अशा खंडांशी निगडित आढळला. खंडांची प्रमुख कारणे पैशाची चणचण आणि पुरवठ्याची अडचण ही होती. सरासरीने जे झाकले ते खंडांच्या लांबीने उघडे केले, आणि लांबीमागे कारण होते.

दुसरा पुरावा राशींच्या निवडीचा. वैद्याने योजलेल्या खंडाच्या प्रतिमानांत विषाणू, पेशी व प्रतिकारव्यवस्था एवढ्याच राशी होत्या. कारण योजना करणाऱ्याला त्यांतच रस होता. ह्या कल्पनेची मोठी कसोटी 'स्मार्ट' नावाच्या चाचणीत लागली. ३३ देशांतील ५,४७२ रुग्णांपैकी एका गटाला अखंड औषध दिले गेले. दुसऱ्या गटाचे औषध सीडी-४ पेशींची संख्या ३५० च्या वर गेली की थांबविले जाई व ती २५० च्या खाली आली की पुन्हा सुरू होई. जानेवारी २००६ मध्ये ही चाचणी मध्येच आवरती घ्यावी लागली. संधिसाधू आजार किंवा मृत्यू ह्या घटना अखंड उपचारांच्या गटात ४७ जणांच्या, तर खंडित उपचारांच्या गटात १२० जणांच्या वाट्याला आल्या होत्या. त्याहून अनपेक्षित गोष्ट ही, की हृदय, मूत्रपिंड व यकृत ह्यांचे गंभीर विकारही खंडित गटातच अधिक आढळले. औषधांचे दुष्परिणाम टाळावेत हा खंडाचा एक हेतू होता. प्रत्यक्षात ज्या अवयवांना जपावयाचे त्यांनाच इजा पोचली. हृदय आणि मूत्रपिंड त्या समीकरणांत नव्हतेच.

ह्या बाबतीत एक गोष्ट समीक्षकाने नोंदविलीच पाहिजे. 'स्मार्ट'चे निष्कर्ष नोव्हेंबर २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी अर्न्स्ट आणि सहकाऱ्यांनी ॲडम्स-बँक्स ह्यांचेच समीकरण घेऊन, संगणकाने स्वतः अनुभवातून शिकत औषधे कधी थांबवावी व कधी सुरू करावी हे ठरविण्याची पद्धत मांडली. पुढे हे प्रतिमान अशा स्वयंशिक्षणाच्या पद्धतींची परीक्षा घेण्याचे एक प्रचलित साधन बनले आणि चाचणीचा निकाल लागून दहा वर्षे उलटल्यावरही त्याचा वापर चालू राहिला. गणिताचा सराव म्हणून ह्यात वावगे काही नाही. परंतु प्रत्यक्ष वैद्यकाने सोडून दिलेला उपचार सरावाच्या मैदानात 'इष्टतम' ह्या नावाने जगत राहतो, आणि ज्याच्या शरीरात औषध थांबावयाचे तो रुग्ण त्या शब्दाच्या आसपास कोठेही नसतो. इष्टतम कोणासाठी, हा प्रश्न चतुर्थीचा आहे; ज्या वाक्यात कर्ताच नाही त्यात चतुर्थीला आधार कशाचा?

तिसरा पुरावा परतण्याचा. समीकरणात परिणामकारकतेची संख्या शून्यावरून पुन्हा पूर्वपदावर येते, दिवा मालवून पुन्हा लावावा तशी. योजिलेल्या खंडात हे बरेचसे खरे असते, कारण ज्याने थांबविले तोच सुरू करतो. सोडून गेलेल्या माणसाचे तसे नसते. त्याला परतण्याची वाट शोधावी लागते, आणि पुष्कळदा परतण्यापूर्वी संकोचाची भिंत ओलांडावी लागते. निधी थांबून बंद पडलेल्या दवाखान्याचे तर मुळीच तसे नसते. परिचारिका दुसरीकडे गेलेल्या असतात, नोंदी विखुरलेल्या असतात. थांबण्याचा कर्ता माहीत नसेल तर परतण्याचा दर कोणत्या आधारावर ठरवावयाचा?

अपघाताने पडलेला खंड प्रयोग म्हणून कसा वाचला जातो ह्याचे एक प्रसिद्ध उदाहरण येथे देणे अप्रस्तुत होणार नाही. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात २०१० साली जन्मलेल्या एका बालकाला जन्मानंतर सुमारे ३० तासांत औषध सुरू झाले होते. दीड वर्षाच्या सुमारास बालक दवाखान्यात येईनासे झाले आणि औषध थांबले. काही महिन्यांनी परतले तेव्हा रक्तात विषाणू आढळला नाही. २०१३ साली ही वार्ता रोगमुक्तीची म्हणून जगभर गेली. २७ महिने औषधाविना गेल्यावर विषाणू परतल्याचे जुलै २०१४ मध्ये जाहीर झाले. कोणीही योजिलेला नसलेला हा खंड वाङ्मयात मात्र हेतुपूर्वक केलेल्या मापनांच्या पंक्तीला जाऊन बसला. विषाणूपुरते ते योग्यच आहे. परंतु एक कुटुंब दवाखान्यापासून का दुरावले हा प्रश्न त्या पंक्तीत विचारला जात नाही.

४

चौथ्या प्रकारच्या खंडाची प्रतिमाने अलीकडची आहेत आणि सामाजिक दृष्ट्या त्यांचे मोल सर्वांत मोठे आहे. कोव्हिडच्या साथीत, मे २०२० मध्ये, जागतिक आरोग्य संघटना व यू.एन.एड्स ह्यांनी पाच गटांची प्रतिमाने पुढे ठेवून इशारा दिला, की सहारा-दक्षिण आफ्रिकेत सहा महिने औषधपुरवठा विस्कळीत झाला तर २०२०-२१ मध्ये ५ लाखांहून अधिक जादा मृत्यू ओढवतील. त्याच प्रतिमानांवर आधारलेल्या प्रबंधात, निम्म्या रुग्णांचे औषध सहा महिने तुटल्यास वर्षभरातील एच.आय.व्ही.-मृत्यू १.६३ पट होतील असा मध्यम अंदाज देण्यात आला. २०२० च्या जागतिक मृत्यूंच्या अंदाजात प्रत्यक्षात अशी उसळी दिसली नाही. अनेक देशांनी एकदम तीन किंवा सहा महिन्यांची औषधे हाती देण्याची प्रथा वाढविली होती. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी गोठविली तेव्हा असाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. ऑस्ट्रेलियातील बर्नेट संस्थेच्या संशोधकांनी त्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या प्रतिमानानुसार, मदतीतील कपातीमुळे २०२५ ते २०३० ह्या काळात अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत ७.७ लाख ते २९.३ लाख जादा मृत्यू संभवतात.

ह्या अंदाजांची चर्चा करताना क्रियापदाचा अर्थ ध्यानात ठेवावा लागतो. मराठी व्याकरणात क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे चार अर्थ मानतात. प्रतिमान नेहमी संकेतार्थात बोलते: असे झाले तर तसे होईल. वृत्तपत्रे ते स्वार्थात वाचतात: तसे होणार. मग तसे झाले नाही म्हणजे प्रतिमान खोटे ठरले असे म्हटले जाते. हा अन्याय आहे. २०२० चा इशारा खरा ठरू नये म्हणूनच दिला होता. ह्याच चुकीचे उलटे उदाहरण १९९७ चे आहे. पेरेल्सन आणि सहकाऱ्यांनी त्या वर्षी हिशेब मांडला, की विषाणूचे दुसरे ठिकाण शरीरात नसेल आणि औषध पूर्णपणे परिणामकारक असेल तर २.३ ते ३.१ वर्षांत निर्मूलन साधेल. 'तर' पुढचा आकडा आशेने उचलला. 'जर' मागेच राहिला. त्याच वर्षी सुप्त साठ्याचे अस्तित्व सिद्ध झाले आणि ती अट कोसळली.

परंतु संकेतार्थाला कर्ता वर्ज्य नाही. 'पुरवठा तुटला तर' आणि 'पुरवठा तोडला तर' ही दोन्ही संकेतार्थी वाक्ये आहेत. पहिल्या वाक्यानंतर आपण साठा कसा वाढवावा हे विचारतो. दुसऱ्या वाक्यानंतर तोडणाऱ्याला विचारतो. २०२० ची घटना पहिल्या वाक्याच्या जवळची होती, २०२५ ची दुसऱ्या. २०२५ च्या संशोधकांनी निधी कापणाऱ्या देशांची नावे घेऊन, प्रत्येक परिस्थितीला कपातीची अट जोडून हिशेब मांडला; कर्ता सांगितल्याने गणिताचे काही बिघडत नाही, उलट त्याची अट स्पष्ट होते, हे त्यांनी दाखवून दिले. ह्या वाङ्मयातील ती स्वागतार्ह पायरी होय.

आपल्याकडील अनुभवही ह्याच दिशेने बोट दाखवितो. भारतात शासकीय रुग्णालयांतून मोफत औषधे देण्यास १ एप्रिल २००४ पासून प्रारंभ झाला. अधिक प्रादुर्भावाच्या ज्या सहा राज्यांचा प्रथम विचार झाला त्यांत महाराष्ट्र होता. जुलै २०२२ मध्ये औषधांच्या तुटवड्याची तक्रार करीत बाधित व्यक्तींनी दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यालयापुढे धरणे धरले. देशपातळीवर साठा पुरेसा आहे असे शासनाचे म्हणणे होते. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. देशाचा साठा ही बेरीज आहे. केंद्राच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला बेरीज गिळता येत नाही. एकाच राष्ट्रीय दराने चालणारे प्रतिमान ह्या दोन विधानांत भेद करू शकणार नाही.

दवाखान्याच्या दप्तरी ह्या माणसाची नोंद कशी होते तेही पाहण्यासारखे आहे. ठरल्या मुदतीत जो येत नाही त्याला इंग्रजी दप्तर पाठपुराव्यात 'हरवलेला' म्हणते. आपल्या 'हरवणे' ह्या क्रियापदाचा विशेष असा, की ते अकर्मक व सकर्मक दोन्ही चालते. 'किल्ली हरवली' ह्या वाक्यावरून किल्ली गेली की कोणी घालविली हे कळत नाही. माणूस हरवला की व्यवस्थेने त्याला हरविले, हे त्या नोंदीतूनही कळत नाही. प्रतिमानातील उपचार सोडण्याचा दर अशाच नोंदींच्या बेरजेतून काढला जातो. म्हणजे औषध न मिळाल्याने परत गेलेला माणूस दप्तरात हरवतो, आणि संगणकात तो स्वतःहून सोडून गेलेला म्हणून प्रकट होतो. मग उपाय म्हणून समुपदेशन वाढविण्याची शिफारस होते. भरावयाचे असते ते कपाट.

५

ह्या विवेचनातून प्रतिमानांविरुद्ध निकाल द्यावा असे मला म्हणावयाचे नाही. विषाणूच्या गतीविषयी, औषधप्रतिकाराविषयी, सुप्त साठ्याविषयी आज जे निश्चित ज्ञान आहे त्यातील मोठा भाग ह्याच मार्गाने आला आहे. मागणी मर्यादित आहे. उपचारांतील खंडाचे प्रतिमान मांडणाऱ्याने तीन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात: औषध कोणाच्या कृतीने थांबते, ते अनेकांचे एकदम थांबते की एकेकाचे स्वतंत्रपणे, आणि ते पुन्हा सुरू करणे कोणाच्या हाती आहे. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर उरलेल्या दोहोंची उत्तरे अवलंबून असतात, म्हणून तो केवळ नीतीचा प्रश्न नव्हे.

मराठीत ह्या विषयावर लिहिणाऱ्यांना, आणि परिभाषा घडविणाऱ्यांना, आणखी एक सूचना करावीशी वाटते. इंग्रजीतील एका शब्दासाठी मराठीत एकच शब्द निश्चित करण्याचा मोह येथे टाळावा. रोजच्या गोळीविषयी 'मात्रा चुकणे', वैद्याने ठरविलेल्या खंडासाठी 'योजित विराम', संशोधनासाठी थांबविलेल्या औषधाला 'मापनार्थ विराम' आणि चौथ्या प्रकाराला 'पुरवठा तुटणे' किंवा, प्रसंग तसा असेल तर, स्पष्टपणे 'पुरवठा तोडणे', असे चार निराळे शब्दप्रयोग वापरता येतील. ते नवे घडवावे लागत नाहीत. दवाखान्याच्या बाकावर बसलेली माणसे हा भेद क्रियापदांनी रोज करीतच असतात. गोळ्या सोडल्यास का, असे विचारले असता 'सोडल्या नाहीत, सुटल्या' असे जो उत्तर देतो तो प्रतिमानात नसलेली एक राशी सांगत असतो. ती टिपून घेणे हे परिभाषाकारांचे आणि प्रतिमानकर्त्यांचे सामाईक काम आहे.